पदराखालचा पोपट

आमच्या घरी पोपट आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. गोंडपिपरीच्या पुढे जंगलाला पाठ लावून बसलेलं आमचं गाव. तिथं प्रत्येक घरात झाकण्यासारखं काहीतरी असतंच. कुणाच्या माळ्यावर सागाची फळी, कुणाच्या चुलीवर कधीमधी रानडुकराचं मटण. वनखात्याची गाडी वळणावर दिसली की पहिल्या घरातली बाई मोठ्यानं म्हणायची, पावणे आले वो. शेवटच्या घरापर्यंत जे झाकायचं ते तेवढ्यात झाकून व्हायचं. मग साहेबांनी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, नाई साहेब. हे 'नाई' आमच्याकडे पोरं बोलायला लागतात तेव्हाच शिकतात. मी त्यात फार हुशार होते.

माझे बाबा त्याच वनखात्यात रोजंदारीवर वनमजूर होते. वणवा विझवायचा, रोपांना पाणी द्यायचं, साहेब आले की त्यांच्यापुढे रान दाखवत चालायचं. वीस-बावीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि इतकी वर्षं ते कायम होण्याची वाट पाहत होते. अशा माणसाच्या घरात पोपट असणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. आपल्या रानातला पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. दुसऱ्या कुणाच्या घरी सापडला तर दरडावून सोडतील, पण वनमजुराच्या घरी सापडला तर त्याची रोजी गेलीच, असं बाबा समजत. आम्हीही तसंच समजत होतो.

आणि पोपट आणला होता त्यांनीच. माझं लग्न होऊन मी घुग्घुसला गेले, त्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. वणव्यात एक वाळलेलं झाड पडलं, त्याच्या ढोलीत तीन पिल्लं होती. दोन मेलेली, एक हलत होतं. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले, नुसती एक मोठी चोच आणि पोट. नियमानं ते ऑफिसात द्यायचं. पण ऑफिसात दिलं की कुठं सापडलं, कुणी पाहिलं, आग कशी लागली, असे दहा प्रश्न आणि दहा सह्या. बाबांनी ते दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं आणि मायला म्हणाले, दोन दिवस ठेव, पंख फुटले की सोडून देऊ.

पंख फुटले, शेपूट आली, खांद्यावर तांबडा पट्टा आला. पण तो जाईल कशाला? माय त्याला भात चावून भरवत होती. आधी बोटावरून, मग तळव्यावरून, आणि मी दिवाळीला गेले तोवर थेट ओठांवरून. ती घास चावायची, ओठांच्या टोकाशी आणायची आणि तो मान वाकडी करून अलगद टिपून घ्यायचा. घास संपला तरी चोच तिथंच. तिचे ओठ, दात, नाकातली फुली, सगळं तपासून व्हायचं. माय हसत हसत म्हणायची, "पाय, माह्ये दात मोजून राह्यला." मला ते पाहून कसंतरी झालं. किळस आली म्हणावं तर ते अर्धंच खरं आहे. मला राग आला. त्या घरात लाड करून घ्यायला आजवर मी एकटीच होते.

तो तिला एक क्षण सोडायचा नाही. ती भांडी घासायला बसली तर खांद्यावर, निवडायला बसली तर मांडीत. परसाकडे निघाली तर हा दारात बसून असा ओरडायचा की शेजारीण विचारायची, का झालं वो? दुपारी ती लवंडली की हा तिच्या गळ्याशी जाऊन मान आत खुपसायचा आणि झोपायचा. तिच्या श्वासाबरोबर त्याची पाठ वरखाली व्हायची. मी फोनवर कितीदा म्हटलं, सोड त्याला रानात. घुग्घुसात बसून उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जात होतं? ती म्हणायची, थो कुठी जाईन बाई, त्याले रान माईतच नाई.

एकदा माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नवरा खाणीत पाळीला, घरात करायला कुणी नाही. माय आली. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन, की पाखरू खात नाही, छातीची पिसं उपटून काढतंय. माय माझ्या टाक्यांकडे पाहत बसली, मग पिशवी भरायला लागली. "तू शायनी हायेस," ती म्हणाली, "थो लेकरू हाय." मी शहाणी होते म्हणून एकटी पडले. तेव्हापासून त्या पोपटाशी माझं उघड वैर होतं आणि सगळ्या घराला ते माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी गप्प बसले त्याच्या मुळाशी हेसुद्धा होतं.

गाडी आली की मायची एक रीत ठरलेली होती. ती पोपटाला पदराखाली घ्यायची आणि छातीशी दोन्ही हात बांधून दारात उभी राहायची. थंडी वाजत असल्यासारखी. आत अंधार झाला की तो चूप. चोच तिच्या मानेशी, डोळे मिटलेले. एकदा राऊंडचे साहेब, म्हणजे आमच्या भागाचे वनपाल, अंगणात खाटेवर बसून चहा पिऊन गेले. माय तेवढा वेळ त्यांच्यासमोर उभी होती, आणि आत हा बसलेला. साहेब गेल्यावर तिनं पदर काढला तेव्हा सगळे हसले. मीही हसले. गावातल्या बायका नंतर कितीतरी दिवस हा किस्सा सांगत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात बाबांची फाईल वर गेली. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे असं कुणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून घरातलं हसणं कमी झालं. साहेबांच्या फेऱ्या वाढल्या, कारण आमच्या बाजूला वाघाचा वावर वाढला होता आणि गाड्या सारख्या फिरत होत्या. बाबांना मात्र वाटायचं, माणसाला कायम करण्याआधी त्याचं घर पाहतात. त्यांनी पोपटाला मागच्या खोलीत हलवलं. ती धान्याची खोली, खिडकी नाही, दाराला पोतं लावलेलं. माय दिवसातला निम्मा वेळ त्याच्याजवळ तिथंच बसायला लागली. तो घाण करायचा ती वाळून भुगा व्हायची, आणि माय ती झाडून काढायची. खोलीत हवा हलत नव्हती. मी संक्रांतीला गेले तेव्हा दार उघडताच नाकाला आंबूस वास आला आणि मी मागे सरले. माय आतून म्हणाली, दार लाव लवकर.

तेव्हा पोपट आजारी होता. पिसं फुलवून गोळा होऊन बसलेला, एक डोळा चिकटलेला, नाकाच्या भोकांशी ओल. विष्ठा हिरवी पाण्यासारखी. आणि आजारपणात तो आणखीच बिलगला होता, मायच्या गळ्यापासून हलायला तयार नाही. मी म्हटलं, गुरांच्या डॉक्टरला दाखवा. बाबा माझ्याकडे असे पाहायला लागले की मीच खाली पाहिलं. गुरांचा डॉक्टरही सरकारीच. मायनं ओव्याची धुरी दिली, हळदीचं पाणी बोटानं चोचीत सोडलं, त्याचं नाक पदरानं पुसलं आणि त्याच पदरानं आपलं तोंडही पुसलं. आठ-दहा दिवसांत तो खायला लागला. तिनं फोनवर मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज आनंदानं भरलेला होता. बोलता बोलता ती खोकली. घुग्घुसात कोळशाच्या धुळीनं सगळेच खोकतात, माझ्या कानांनी त्याची दखलच घेतली नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं बाबांचा फोन आला. तुझी माय उठत नाई, म्हणाले.

मी पोचले तेव्हा ती मागच्या खोलीतच होती. ताप असा की हात लावला तर चटका बसावा. डोकं फुटतंय म्हणत होती. कोरडा खोकला, आणि दोन शब्द बोलली की धाप. पोपट तिच्या छातीवर बसलेला होता, चांगला टुणटुणीत, हिरवागार. तो मला पाहून फिस्कारला. तिला उचलून जीपमध्ये घालायचं तर तो पदराला लटकला. बाबांनी त्याची एकेक नखी सोडवली. जीप निघाली आणि पोतं लावलेल्या दारामागून त्याचं ओरडणं गावाच्या वेशीपर्यंत ऐकू येत होतं. माय डोळे मिटून म्हणाली, भात ठेवला का त्याले?

तालुक्याच्या दवाखान्यात मलेरिया निघाला नाही. त्यांनी पुढे पाठवलं. पुढे म्हणजे दोन तासांवरचा एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना. डॉक्टर बाई होत्या, मध्यम वयाच्या, आवाज चढवायची सवय नसलेल्या. त्यांनी छातीचा फोटो काढला, दोन्ही फुप्फुसं धरलेली. मायला ऑक्सिजन लावला, सुया सुरू केल्या. मग कागद आणि पेन घेऊन आमच्यासमोर बसल्या आणि विचारायला लागल्या. घरी कुणाला टीबी? गाई-बकऱ्या? कोंबड्या? कबुतरं, पोपट?

बाबांनी हात जोडले होते. प्रश्न संपायच्या आत त्यांनी उत्तर दिलं. "कोंबड्या हायेत मॅडम. पोपट-गिपट काई नाई."

आमच्याकडे पेन घेऊन विचारणारा माणूस म्हणजे सरकार. मग त्याच्या अंगात खाकी असो की पांढरा कोट. बाबांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं असं मी आजही म्हणणार नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते तोंडातून निघालं. डॉक्टरबाईंनी खाटेकडे पाहिलं. मास्क लावलेल्या मायनं मान हलवली, नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, सलवार-कमीज घातलेली, त्यांना वाटलं असेल ही खरं सांगेल. मी म्हटलं, नाही, कोंबड्याच.

डॉक्टरबाई कागदावर तसं लिहून निघून गेल्या. मला तेव्हाच ते खटकलं. त्यांनी नुसतं 'जनावरं आहेत का' असं विचारलं नव्हतं. पोपट हा शब्द त्यांच्या तोंडून आला होता. कुणी उगाच पोपटाचं विचारतं का?

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनचा काटा त्यांनी आणखी वर केला. मी व्हरांड्यात बाबांना गाठलं आणि म्हटलं, सांगून टाकू. ते भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. म्हणाले, पाखरापासून माणसाले का होते? पाखरू तर बरं झालं. आणि मग जमिनीकडे पाहत म्हणाले, तुले थो पयल्यापासूनच खपत नाई. त्यांनी माझ्या वर्मावरच बोट ठेवलं होतं. मी सांगितलं आणि त्यात काही तथ्य निघालं नाही तर? बाबांची रोजी गेली, पोपट गेला, आणि सूड मी उगवला असं झालं तर? मायला हे कळलं तर? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या दुपारी मायनं मला जवळ बोलावलं. मास्क किंचित बाजूला केला. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार, माझं काहीही तिच्यापासून लपत नसे. "बाबाचा कागद येऊ दे," ती म्हणाली. एवढ्याला तिला तीन श्वास लागले. "मंग सांग. आत्ता नोको." तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. शपथ घालायला तिच्यात ताकद नव्हती म्हणून नुसता हात ठेवला, आणि डोळे मिटले.

डॉक्टरबाई त्या संध्याकाळी पुन्हा आल्या. मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या, काही सांगायचं राहून गेलंय का, आठवून पाहा. त्यांच्या मागे खाटेवर मायची छाती भात्यासारखी चालली होती. मी आठवल्यासारखं केलं. आणि नाही म्हटलं. ते 'नाही' मी इतकं सहज म्हटलं की त्यांचा विश्वास बसला.

चौथ्या दिवशी सकाळी मायचे ओठ निळसर दिसले. ती भ्रमात होती. हाताची बोटं गळ्याशी नेऊन काहीतरी चाचपत होती, नसलेलं काहीतरी पदरानं झाकत होती. ते पाहिलं आणि मी धावतच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. दारातूनच सांगितलं. पोपट आहे, दोन वर्षांचा, तोंडानं भरवते, तो आजारी होता, बंद खोलीत होता. सगळं एका दमात. वर हेही म्हटलं की माझे बाबा वनखात्यात आहेत, कुणाला कळवू नका.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि स्वतः कपाटाकडे गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

आधीच्या सुया पाखराच्या तापाला लागू पडत नव्हत्या; त्याची गोळी वेगळी, पण साधीच होती. त्यांच्या कपाटात तिचे डबेच्या डबे होते. पण माय गिळू शकत नव्हती, म्हणून नाकात नळी घालून ती दिली. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. नर्सनं त्यांना सांगितलं, घरच्या सगळ्यांना गोळ्या घ्याव्या लागतील, पोपटाची बाधा आहे. तेव्हा त्यांना कळलं की मी बोलले. त्यांनी मायच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दोन-तीनदाच औषध पोटात गेलं होतं. मी डॉक्टरबाईंना विचारलं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, कदाचित. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. त्या दयाळू बाई होत्या, पण मी पहिला शब्दच घरी घेऊन आले. तो अजून माझ्याजवळ आहे.

पोपटाला बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा, तोंडाला कापड बांधून दाणा-पाणी द्या, त्याच्याही पाण्यात औषध घाला, असं सांगितलं होतं. बाबांनी त्याला कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली अंगणात ठेवलं. त्याचं ओरडणं थांबेना. शेजारणी रडायला येत आणि त्या टोपलीकडे पाहत. एकदा घरात कुणी नव्हतं तेव्हा मी टोपली उचलली. त्याची मान मुरगळायची असं ठरवूनच मी गेले होते. हात पुढे केला तर तो बोटावर चढला, मनगटावरून खांद्यावर आला आणि माझ्या गळ्याशी चोचीनं शोधायला लागला. पदर शोधत होता. माझ्या अंगावर ओढणीही नव्हती. मी तशीच उभी राहिले, तोंडाला कापड बांधलेली, आणि मला इतकं रडू आलं की त्याला धरवेना.

तेरवीच्या आधी एका सकाळी राऊंडचे साहेब भेटायला आले. गाडी वळणावर दिसली तरी त्या दिवशी कुणी 'पावणे आले' म्हटलं नाही. टोपली अंगणात मधोमध होती. बाबांनी ती हलवली नाही. साहेबांना खाट दिली आणि स्वतः खाली बसले. साहेब चांगलं बोलले. बाई फार मायाळू होत्या, मी इथं चहा प्यायलोय, म्हणाले. फाईलचंही म्हणाले, की पुढच्या महिन्यात ऑर्डर निघेल, काळजी करू नका.

तेवढ्यात टोपलीतून तो ओरडला. बाबांचे हात आपोआप जोडले गेले. मी दारात होते. साहेब वाकले, टोपलीच्या फटीतून आत पाहिलं आणि हसले.

"अरे, पोपट. आमच्याकडे पण आहे, मुलीनं पाळलाय," ते म्हणाले. "बोलतो का हा?"

बाबा जमिनीकडे पाहत राहिले. त्यांचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"बोले साहेब," ते म्हणाले. "तिच्यासंग बोले."